शेअर बाजाराचं पुस्तक, आईसाठी

"पुस्तकं तिकडे घ्या कुणीतरी, सॉस उडतोय!" आ-मान ओरडली, पण हात कुणाचाच रिकामा नव्हता.

मग तिनेच कोपराने ती तिन्ही पुस्तकं टेबलाच्या टोकाला ढकलली, पपनसांच्या ढिगाशेजारी, आणि पुन्हा जाळीवरच्या कोळंब्या उलटवायला लागली. पडवीत दुरुस्तीला आलेल्या स्कूटर तिच्या नवऱ्याने, छी-रुईने, भिंतीला चिकटवून ठेवल्या होत्या म्हणून शेगडीला जागा झाली होती. चंद्राच्या सणाला तैवानभर पेटतात तशी गल्लीतल्या प्रत्येक दारापुढे अशीच एकेक शेगडी. सणाचा चंद्र अजून वर आला नव्हता आणि धुरामुळे आला तरी कळणार नव्हतं.

"सकाळी आत्याबाई आल्या होत्या," ती सासूला म्हणाली. "विचारत होत्या, घरात माणूस जाऊन वर्ष झालं नाही आणि तुम्ही शेगडी पेटवणार का."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, आई ठरवतील."

"शहाणी आहेस. ह्यांना सॉसेज मिळालं नसतं तर ते स्वतः उठून आले असते." पाओ-लिएनने जाळीवरचं पहिलं सॉसेज बशीत घेतलं, आत जाऊन नवऱ्याच्या फोटोपुढे ठेवलं आणि बाहेर येऊन बसली. चेहरा निवांत. आ-मान ह्या घरात इतकी वर्षं होती की सासूच्या निवांत चेहऱ्याची तिला धास्ती वाटायची.

कारण आज निकाल होता.

भुतांच्या महिन्याच्या आदल्या दिवशी मोठ्या मुलाने, वेन-पिनने, आईपुढे मुखत्यारपत्र ठेवलं होतं. आईचं शेअरचं खातं यापुढे त्याने सांभाळायचं, तिने फक्त सही करायची. खातं पहिल्यापासून पाओ-लिएनच्याच नावावर होतं. लग्नानंतर एका ज्योतिषाने तिच्या नवऱ्याला, थिएन-वांगला, सांगितलं होतं की तुझ्या नशिबात पैसा टिकत नाही, बायकोच्या नावावर ठेव. तेव्हापासून शेअर तिचे आणि फोन त्याचा. ब्रोकरच्या ऑफिसात तिचा आवाज कुणी ऐकलेला नव्हता. वसंतात थिएन-वांग गेला, आणि फोन वेन-पिनकडे आला, तात्पुरता.

"भुतांच्या महिन्यात नवं काही सुरू करत नाहीत," पाओ-लिएन म्हणाली होती. "सही बिही नंतर. तोवर मला शिकायचंय. तिघांनी एकेक पुस्तक आणून द्या. वाचते. ज्याचं पटेल त्याच्या पद्धतीने चालू. चंद्राच्या सणाला सांगते."

वेन-पिन, छी-रुई आणि त्यांची बहीण लिंग-चू, तिघांना वाटलं, आई दोन पानं वाचेल आणि झोपेल. आईने

*

पूर्ण महिना वाचलं, आणि हेच वेन-पिनला जड जात होतं.

तो कोळशांना वारा घालत होता. वीसेक वर्षं कॅलिफोर्नियात चिपच्या कंपनीत काढल्यावर त्याला कोळशावर काही शिजवायची सवय राहिली नव्हती. जरा जोरात पंखा हलवला की राख कोळंब्यांवर जायची आणि आ-मान त्याच्याकडे बघायची. बायको-मुलगा अजून तिकडेच. तो वडिलांच्या आजारपणात आला आणि राहिला.

"दादा, पुस्तक तूच जाड आणलंस, पंखा पण तूच हलव," छी-रुई म्हणाला. "ज्ञानाने वारा जोरात येईल."

"तुझं पुस्तक तर पंखा म्हणून वापरता येईल. तेवढंच पातळ आहे."

"चित्रं आहेत त्यात. तुला कळायला सोपं."

वेन-पिन हसला. त्याला ती सही हवी होती. सही झाली की खात्याचे कागद त्याच्या नावाने येतील, आणि मग जुलैचा कागद आईपुढे कधीच जाणार नाही.

(जुलैतली एक सकाळ. बँकेतली रांग. हातात मोबाइल. अंगठा. शेअरमधलं बाबांचं सिमेंट विकलं गेलं, सगळंच्या सगळं. का, ते तो अजून स्वतःलाही नीट सांगत नव्हता.)

लोभ नव्हता त्यात. लाज होती, आणि लाजेला सही लागते.

*

आईच्या पेन्सिलीने, पुस्तकांच्या कडेला, महिनाभर:

अजून लेखकाचे मित्रच बोलतायत.

आला एकदाचा.

हे खरं आहे. ह्यांना (खोडून) थिएन-वांगला दाखवायला हवं होतं.

हा पुन्हा फिरायला गेला. नोकरी कधी करतो?

हे चित्र छी-रुईच्या दुपारच्या तोंडासारखं.

इथं झोप लागली.

हा शब्द काय? वेन-पिनला विचारू नये. लिंग-चूला विचारावं. तीही नको. पुढे कळेल.

पुढे कळलं.

*

"तर," पाओ-लिएन म्हणाली, आणि पपनस सोलायला घेतलं. "छी-रुईपासून सुरू करते. धाकटा म्हणून."

"अरे वा," छी-रुई चिमटा खाली ठेवून ताठ बसला.

"हे आणलंस कुठून?"

"स्टेशनमागच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून. निम्म्या किमतीत. म्हणजे बघ, पहिलाच सौदा फायद्याचा."

"ज्याचं होतं त्याने खुणा केल्यात. इथं लिहिलंय, 'छान!' इथं, 'हे लक्षात ठेवणे.' मग ह्या पानावर, 'उद्याच करून बघतो.'" तिने पुढची पानं फरफर उलटली. "मग सगळं कोरं. पुढे त्याचं काय झालं रे?"

"मला काय माहीत?"

"मला एवढंच कळतं की त्याने पुस्तक विकलं."

लिंग-चू, मधली मुलगी, शाळेत शिकवणारी, हसताना तोंडावर हात ठेवते. तिने दोन्ही ठेवले. वेन-पिनच्या हातातला पंखा थांबला. छी-रुईही हसला, पण कानाच्या पाळ्या तापल्या. सकाळी भाव खाली असताना घ्यायचं आणि दुपारी वर गेल्यावर विकायचं, त्या पुस्तकातल्या मेणबत्त्यांसारख्या चित्रांवरून, हे त्यानेही पावसाळ्यात करून पाहिलं होतं. आ-मानला माहीत होतं. ती आत्ता कणसाला सॉस फासत होती, जरा जास्तच मन लावून.

"पण चित्रं चांगली आहेत," आई म्हणाली. "भाव कसा चढतो, कसा उतरतो, डोळ्यांपुढे उभं राहतं. फक्त घाई फार. प्रत्येक पानावर कुणीतरी पळतंय."

"आई, बाजार म्हणजे पळणंच गं."

"तुझे बाबा पळायचे का?"

"बाबा बसमागेसुद्धा पळायचे नाहीत," लिंग-चू म्हणाली. "पुढची घ्यायचे."

"तेच. आता

*

तुझं," आई म्हणाली, आणि लिंग-चूने मांडीवर मूल असल्यासारखी आपली थाळी दोन्ही हातांनी धरली.

तिला हे सगळं संपायला हवं होतं. बाबा गेल्यापासून दोघे भाऊ रोज संध्याकाळी आळीपाळीने तिलाच फोन करायचे, एक दुसऱ्याबद्दल. म्हणून तिने ते पुस्तक निवडलं होतं: कुणा ऑफिसातल्या माणसाने लिहिलेलं, म्हणे सगळा बाजारच थोडाथोडा विकत घ्या, दरमहा, बँकच परस्पर कापून घेईल. कुणी कुणाला फोन करायचा नाही. कुणी कुणाला विचारायचं नाही. तिला ते वाचताना डोळ्यांत पाणी आलं होतं, इतकं शांत वाटलं होतं. आज येताना मात्र तिने वेन-पिनला शब्द दिला होता: माझं नाही पटलं, तर मी तुझ्या बाजूने. निदान एकाच माणसाचे फोन येतील.

"फार शांत पुस्तक आहे," आई म्हणाली. "झोप छान लागली."

"आई!"

"चांगल्या अर्थाने म्हणतेय गं. पटलंही बरंचसं. माणूस सरळ आहे, खोटं बोलत नाही, फक्त फिरायला फार जातो. पण घ्यायचं कधी ते पानोपानी आहे, विकायचं कधी ते शोधून सापडलं नाही."

"विकायचंच नाही. तीस वर्षं ठेवायचं."

"तीस वर्षांनी मी शंभरीच्या घरात असेन."

"असशीलच," छी-रुई म्हणाला.

"असेन रे. पण मग त्या पैशांचं काय करू, सोन्याची कवळी?"

आता आ-मानसुद्धा हसली. लिंग-चूलाही हसू आलं, आणि आपलं पुस्तक पडलं म्हणून वाईटही वाटलं, आणि मग हळूच वेन-पिनकडे बघून तिने मान हलवली. ठरल्याप्रमाणे. वेन-पिनने पंखा खाली ठेवला आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली.

*

"राहिलं माझं," तो म्हणाला.

"तुझं सर्वांत जाड. आणि खरं सांगते, सर्वांत चांगलं." पाओ-लिएनने पुस्तकावर हात ठेवला. "पहिली चाळीसेक पानं त्याचे मित्रच त्याची स्तुती करतात, ते सोडलं तर. कंपनी म्हणजे दुकान, शेअर म्हणजे त्या दुकानातला वाटा. दुकान ओळखीचं नसेल तर वाटा घेऊ नये. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तुझ्या बाबांना माहीत असणार, पण ते सांगायचे का कधी काही?"

"मग आई, पटलं ना?" लिंग-चू म्हणाली. "दादाच्या पद्धतीनेच चालू."

"दोन मतं झाली," वेन-पिन म्हणाला.

"मतं कसली? निवडणूक आहे का?" छी-रुई कणीस हलवत उठला. "आईने सांगायचंय. आई, तू बोल."

"बोलतेच आहे. फक्त त्यात एक प्रकरण आहे, रंगीत पानांचं. ते वाचून मला त्या लोकांची फार गंमत वाटली." तिने पान उघडून सगळ्यांपुढे धरलं. पानभर लालच लाल रेघा. "खाली लिहिलंय, अशा दिवशी सगळे घाबरून विकतात, आणि शहाणा माणूस शांतपणे घेतो. मला कळेना, भाव एवढे चढलेत, पान कसं नवरीसारखं लालेलाल झालंय, आणि ही मंडळी रडतायत कशाला? मग म्हटलं, असेल बाबा त्यांच्यात. आनंदाने घाबरत असतील."

लिंग-चूने पान जवळ ओढून बघितलं.

"एका ठिकाणी 'कोसळला' असं लिहिलंय, ती मी छापखान्याची चूक धरली. आणि मनाशी ठरवलं, आपल्या टीव्हीवर सगळं लाल झालं की आपण घ्यायचं. शहाण्या माणसासारखं."

वेन-पिनच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. इतकं सोपं होतं? त्याने मागे रेलून मोठ्याने हसून घेतलं, अगदी मायेने.

"आई, अगं उलटं! पूर्ण उलटं! तिकडे लाल म्हणजे भाव उतरला. हिरवा म्हणजे चढला. आपल्याकडे चढला की लाल, त्यांच्याकडे उतरला की लाल. ज्याने हे आपल्या भाषेत छापलं त्याने चित्रं तशीच ठेवली, दुसरं काय."

"असं होय!" पाओ-लिएन पानाकडे बघत राहिली. "म्हणजे हे सगळे खरंच रडत होते. अरेरे."

"बघितलंत?" वेन-पिन भावा-बहिणीकडे वळला. "म्हणून म्हणतोय. एवढं मन लावून वाचलं तिने, आणि एका रंगापायी परवा ऐन तेजीत जाऊन सगळे पैसे घालून आली असती. ह्यात तिचा दोष नाही. पण ह्या गोष्टी अंगवळणी पडाव्या लागतात. लिंग-चू, बरोबर ना?"

"बरोबर आहे दादाचं," लिंग-चू म्हणाली.

छी-रुई कणसासकट परत खाली बसला. आईची बाजू घ्यायची तर कुठून घ्यायची ते त्याला सापडेना. आ-मानने त्याच्या पाठीत बोट टोचलं, बोल म्हणून. तो कणीस खायला लागला.

"खरंय," पाओ-लिएन म्हणाली. तिला मनापासून गंमत वाटत होती. "अंगवळणी पडायला हवं. पण वेन-पिन, तू तर एवढी वर्षं तिकडेच होतास. तुझ्या अंगवळणी त्यांचे रंग. मग इथं आल्यावर तुला नाही रे उलटंपालटं झालं?"

"सुरुवातीला. एकदाच काय ते..."

तो थांबला.

चूक इथं झाली. 'नाही' म्हणाला असता तर चाललं असतं. 'झालं की' म्हणून हसला असता तरी चाललं असतं. तो मधेच थांबला, आणि लिंग-चू रोज तीसेक पोरांना मधेच थांबताना बघत असे.

"एकदाच काय?" तिने वर्गातल्या आवाजात विचारलं.

"काही नाही."

"दादा. माझ्याकडे बघ. एकदाच काय?"

*

जुलैतली सकाळ, आता पूर्ण:

बँकेत रांग होती. पुढचा म्हातारा खिडकीवरच्या मुलीला आपल्या गुडघ्याबद्दल सांगत होता. वेन-पिनने वेळ घालवायला मोबाइल उघडला, आईचं खातं लावलं, आणि सगळा पडदा लाल. वरपासून खालपर्यंत. बाबांचं सिमेंट तर सर्वांत लाल. कॅलिफोर्नियात दोनदा असा पडदा बघितला होता त्याने. एकदा घराच्या हप्त्यांचे, एकदा मुलाच्या कॉलेजचे पैसे गेले. डोक्याला माहीत होतं की हे तैवान आहे. अंगठ्याला माहीत नव्हतं. विका, सगळं, हो, नक्की. मग मनात केवढं समाधान, आईचं निदान एवढं तरी वाचवलं. दुपारी टर्कीभाताच्या दुकानात टीव्ही लागला होता, आणि बातम्या देणारी बाई आनंदाने नुसती फुलली होती.

भात तसाच टाकून तो उठला होता.

*

छी-रुई इतका हसला की कणीस शेगडीत पडलं.

"नवरीला... दादा, तू नवरीला बघून पळालास!"

"गप्प बस."

"पैशांची लाल पाकिटं मिळतात तेव्हा पण रडतोस का रे नवीन वर्षाला?"

"हसू नकोस!" लिंग-चू उभी राहिली. "इतके दिवस, दादा! रोज संध्याकाळी मला फोन. आईला झेपणार नाही, आई चुकेल. आणि मी आत्ता पाच मिनिटांपूर्वी, सगळ्यांसमोर, बरोबर आहे दादाचं! मी आता तुझ्या बाजूला नाही. कुणाच्याच नाही. खातं बंद करा, सगळं विकून माझ्या पुस्तकासारखं ठेवून द्या, विषय संपला."

"ताई, दादाला एवढं बोलू नकोस," छी-रुई म्हणाला, आणि सगळ्यांत जास्त नवल वेन-पिनलाच वाटलं. "चुकतो माणूस. मीही पावसाळ्यात..." आ-मानने वर बघितलं. "ते जाऊ दे. पण आता मी इथंच राहतो, खाली गॅरेज, वर आई. मी बघतो खातं. मला लाल-हिरवं तरी कळतं."

"तुला? तुला 'उद्याच करून बघतो' कळतं!"

"निदान मी लपवलं नाही!"

"लपवलंस की," आ-मान हळूच म्हणाली.

मग तिघे एकदम बोलायला लागले, आणि समोरच्या पडवीतल्या माणसांनी आपला आवाज कमी केला, नीट ऐकू यावं म्हणून.

*

पाओ-लिएन पपनसाच्या फाकेवरचं पातळ साल काढत होती.

सिमेंट. सगळंच्या सगळं.

भाव किती होता, विकल्यावर किती चढला, हे मुलं एकमेकांना सांगत होती. तिने ऐकलं आणि सोडून दिलं. तिला दिसत होता जून महिना. दर जूनमधे सिमेंट कंपनीची सभा असायची, आणि बोलावणं तिच्या नावाने यायचं, कारण शेअर तिचे. थिएन-वांग इस्त्रीचा शर्ट घालायचा. दोघं बसने जायची. सभेत तो झोपायचा आणि ती ऐकायची. त्याच्या लक्षात आलं नाही कधी, पण ती ऐकायची. मग शेवटी सगळ्या भागधारकांना भेटवस्तू. ह्या घरातल्या निम्म्या वाट्या, छत्र्या आणि टॉवेल त्या सभांमधून आले होते. एका वर्षी त्याने जागं होऊन हात वर केला. अध्यक्षांना वाटलं, कर्जाबद्दल विचारणार. तो म्हणाला, ह्या वर्षी वाडगा लहान का? सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. परतीच्या बसमधे तो लाजेने खिडकीबाहेर बघत बसला होता, आणि तिने त्याचा हात धरला होता, लग्नानंतर पहिल्यांदाच चारचौघांत.

"म्हणजे पुढच्या जूनमधे मला बोलावणं येणार नाही," ती म्हणाली.

तिघे थांबले.

"आई, मी भरून देतो," वेन-पिन म्हणाला. "जेवढा फरक असेल तेवढा."

"पैशांचं कोण बोलतंय? मी म्हणतेय, बोलावणं येणार नाही. मला जायचं होतं. ह्या वेळी मला विचारायचं पण होतं."

"काय विचारायचं होतं?"

"ते मी सभेत विचारीन. तुम्हाला कशाला सांगू?"

छी-रुईने तोंड उघडलं आणि आ-मानने त्यात सॉसेज घातलं.

"आता ऐका. मी निकाल सांगणार होते, मधेच तुमचा तमाशा झाला." तिने हात पुसले. "तुम्ही तिघांनी पुस्तकं चांगली आणलीत. फक्त माझ्यासाठी नाही आणलीत. लिंग-चूला भांडण नको, तिने भांडण नसलेलं पुस्तक आणलं. छी-रुईला उद्याच्या उद्या पैसा हवा, त्याने पळणारं आणलं. वेन-पिन घाबरलेला होता, त्याने न घाबरण्याचं आणलं. मला काय हवं ते कुणी विचारलंच नाही."

"काय हवंय?" लिंग-चूने विचारलं, खूप हळू.

"तुझ्या बाबांनी जे जे घेऊन ठेवलंय, ती दुकानं कशी चालतात ते मला बघायचंय. सभेला जातो तेव्हा ते वर्षाच्या हिशोबाचं जाडजूड पुस्तक देतात ना, ते वाचता यायला हवं. ते शिकवणारं पुस्तक तुमच्या तिघांत नाही. ते मी स्वतः दुकानात जाऊन शोधीन. दोन-चार उघडून बघीन, कळेल ते घेईन."

"मग ह्यातलं कुठलंच नाही?"

"आहे की. हे." तिने छी-रुईचं पातळ पुस्तक उचललं.

"जिंकलो!" छी-रुईने दोन्ही हात वर केले. "ज्याचं पटेल त्याच्या पद्धतीने, तूच म्हणालीस!"

"पटेल त्याच्या. पटलं कुठे? मी ते फक्त घेतेय. ह्यात रंग आपले आहेत. मी आणि वेन-पिन बसून वाचणार, घरात आम्ही दोघंच तेवढे मागे आहोत. आणि ते जाड तू वाचायचं. मित्रांच्या स्तुतीसकट."

"एवढं?"

"एवढं. वाचून होईपर्यंत मोबाइलवर काही करायचं नाही. आ-मान बघेल." आ-मानने चिमटा उंचावून सलाम केला. "आणि लिंग-चू, तुझं पुस्तक आ-मानला दे. तिच्याकडे तीस वर्षं आहेत. तू मात्र ह्या दोघांचे फोन घेऊ नकोस. मला फोन कर, मी काही वाईट बोलणार नाही कुणाबद्दल, पुस्तकाबद्दल बोलीन."

लिंग-चू खाली बसली. तिला रडायचं होतं की हसायचं ते ठरवायच्या आत आ-मानने तिच्या थाळीत दोन कोळंब्या टाकल्या, आणि मग तिने त्याच सोलायला घेतल्या.

वेन-पिनने खिशातून घडी घातलेलं मुखत्यारपत्र काढलं. आईने हात पुढे केला नाही.

"ते ठेव तुझ्याकडेच," ती म्हणाली. "बाजार कधी उघडतो?"

"आज सणाची सुट्टी. उद्या सकाळी नऊला."

"मग उद्या ब्रोकरच्या ऑफिसात फोन मी करणार. काय बोलायचं असतं ते सांग."

"आई, त्यात काय विशेष नसतं. तू फक्त..."

"सांगू नकोस. करून दाखव. तू त्या ऑफिसातली बाई हो."

*

छी-रुईने दादाला एक भाजलेलं कणीस दिलं आणि आईला दुसरं. वेन-पिनने इकडे तिकडे पाहिलं. गल्ली बघत होती. त्याने कणीस कानाला लावलं.

"हॅलो," तो म्हणाला. "ब्रोकर ऑफिस. कोण बोलतंय?"

"मी. वेन-पिनची आई."

"असं नाही चालत, बाई. फोनवरचं सगळं रेकॉर्ड होतं. खातं ज्याच्या नावावर आहे त्याचं नाव सांगावं लागतं."

"थिएन-वांगची बायको म्हटलं तर?"

"तेही नाही चालत."

पाओ-लिएनने कणीस जरा खाली घेतलं. मग नीट सरळ बसली आणि पुन्हा वर नेलं.

"त्साय पाओ-लिएन," ती म्हणाली.

हे नाव ह्या पडवीत कुणी कधी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. लिंग-चूच्या हातातली कोळंबी तशीच राहिली.

"नमस्कार, त्साय बाई," वेन-पिन म्हणाला. "काय घ्यायचंय?"

"सिमेंट. तुमच्या माहितीतलंच आहे ते."

"भाव काय लावू?"

"उद्या सकाळी जो असेल तो."

"आई, अगं, थांब ना थोडं." कणीस कानावरून खाली आलं. "मी विकलं त्याच्या कितीतरी वर गेलंय ते. जरा उतरू दे, मी लक्ष ठेवतो, आणि मग आपण..."

"बाई," पाओ-लिएन कणसात म्हणाली, "तुम्ही ब्रोकरच्या ऑफिसातल्या ना? मग माझ्या मुलासारखं बोलू नका."

समोरच्या पडवीत कुणीतरी फुसकन हसलं. वेन-पिनने कणीस दुसऱ्या कानाला लावलं. त्याच्या गालाला सॉस लागला होता, आणि जुलैपासून पहिल्यांदाच त्याला स्वतःचं हसू येत होतं.

"चुकलं, त्साय बाई. किती शेअर लिहू?"

"थांबा जरा," ती म्हणाली. "मी विचार करतेय."

आणि सगळे थांबले.